गाडीचा उंबरा

त्या फिटरचं नाव मी कधी विचारलं नाही, इतका मी चिडलो होतो. सत्तरच्या दशकात सोलापुरात माझ्याकडे जुनी, बुटकी स्पोर्ट्स कार होती. तिच्या दाराखाली त्याने नक्षीची पितळी पट्टी बसवली, बाहीने पुसली आणि वर हळदीकुंकवाची बोटं ओढली. आत बसायला मी पट्टीवर पाय ठेवला, तर तो खेकसलाच, "उंबऱ्यावर पाय देता व्हय?"

"अहो, बुटांनी रंग जाऊ नये म्हणूनच बसवतात ती!"

"मग गोणपाट टाकायचं की! नक्षी कशाला?"

माझ्याच गाडीत मी टांग उचलून शिरलो! गाडी केव्हाच विकली. पण आजही रिक्षात चढताना पाय आपोआप उंच उचलला जातो, आणि त्या माणसाचा नव्याने संताप येतो.