जरा भायेर बसा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आक्कांना, छपराखाली निवांत बसलेलं आजवर कुणीही पाहिलेलं नाही. उंब्रजपासून थोडं आत आमचं सासर. घर ऐसपैस, पुढे सोपा, मागे परस, वर त्यांच्या मुलाने टाकलेला स्लॅब. पण आक्कांच्या लेखी हा सगळा खटाटोप ज्वारीच्या पोत्यांसाठी आहे. "घर दाण्याला, आंगन मान्साला," असा त्यांचा सरळ हिशेब. भाजी निवडायची ती अंगणातल्या लिंबाखाली, जेवायचं तिथंच, दुपारची डुलकी तिथंच, आणि सुनेची कानउघाडणीही तिथंच. मुलाने हौसेने गिझर बसवला. आक्का त्याची पाहुण्यासारखी विचारपूस करतात, आल्यागेल्याला दाखवतात, आणि आंघोळीचं पाणी अंगणात तीन दगडांवर तापवतात. पाऊस फारच लागला तर सोप्यापर्यंत माघार घेतात, तीसुद्धा पावसावर उपकार केल्यासारखी.

कुठल्याही दुखण्यावर त्यांचं औषध एकच. कुणाचे गुडघे धरले, "जरा भायेर बस." पोरगं नापास झालं, "जा, रानातनं फिरून ये." नवराबायकोचं वाजलं तर दोघांनाही हाताला धरून बाहेर काढतात. "भांडायचं तर भायेर भांडा. आत भांडलं की भांडान भिताडाला चिकटतं, मग वरीसभर निघत न्हाई." आता येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत भांडायचं म्हणजे निम्मं भांडण लाजेनेच विरतं. मी स्वतः हा इलाज घेतलेला आहे, त्यामुळे खात्रीने सांगते.

त्यांच्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही कवठे महांकाळला गेलो, तेव्हा तर त्यांनी कहरच केला. यजमानांनी पंखा लावून, पडदे सोडून बैठक मांडली होती. आक्का उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आवं, हितं अंधारात काय दिसायचं? वर गच्चीवर बसू की." बिचारे पोह्यांच्या बशा घेऊन गच्चीवर आले. दुष्काळी मुलखातलं ते ऊन! आमच्या मामेसासऱ्यांनी डोक्यावर रुमाल घेतला, भटजी पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकत सरकत दिसेनासे झाले. ही सगळी धांदल बघून मुलीला हसू आवरेना. आक्का खुशीत माझ्या कानात म्हणाल्या, "उनात हासती. हिला घ्यायची." तीच आता त्यांची सून. सासूच्या वरताण आहे. तिचा स्वयंपाकही हल्ली परसात होतो.

या सगळ्या गमती मी नोकरीच्या गावी, सांगलीत, मैत्रिणींना रंगवून सांगत असे. पुढे आमच्याच घरावर वेळ आली. आमच्या ह्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात, डावा पाय थोडा जड झाला, बाकी डॉक्टरांनी त्यांना खडखडीत बरं केलं. पण ते ह्यांना मान्य नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी खोली धरली. पडदे ओढलेले, टीव्ही चालू, तोंड भिंतीकडे. मी शाळेत शिकवताना एवढी वर्षं पोरांना बोलतं केलं, पण नवऱ्यापुढे हरले. "जरा फिरून येऊ या" म्हटलं की उत्तर नाही, "चहा?" म्हटलं की नुसती मान. हळूहळू मानही हलेनाशी झाली. रात्री त्यांचा श्वास ऐकत पडायची आणि वाटायचं, हा माणूस जिवंतपणीच आपल्यातून उठून चाललाय. मला फार भीती वाटायची.

आक्का बघायला आल्या. त्यांनी आधी पडदे धुवायला काढले आणि ते वाळले तरी परत लावले नाहीत. मग खाली पार्किंगमध्ये वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि दोन दिवसांत साऱ्या इमारतीची खडानखडा माहिती गोळा केली. जाताना मला म्हणाल्या, "ह्यास्नी गावाकडं आन. हितं नुस्तं आत न् आत हाय. भायेर कुटं हाय?"

गावी आलो. ह्यांनी तिथंही मागची अंधारी खोली शोधून काढलीच. आक्कांनी दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी, उसाला पाणी पाजायला निघालेल्या दोन पुतण्यांना थांबवून त्यांनी ह्यांची खाट ह्यांच्यासकट उचलायला लावली आणि अंगणात आणून ठेवली. हे जागे झाले, संतापले, आणि मी सांगलीहून आणलेली पांढरीशुभ्र चादर डोक्यावरून ओढून तसेच पडून राहिले. मी तेव्हा न्हाणीत होते. खाटेसमोर तीन दगडांवर पाणी तापत होतं.

आता गावात अंगणात खाट, खाटेवर पांढऱ्या चादरीखाली निपचित माणूस, आणि बाहेरच्या चुलीवर पाण्याचं पातेलं म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो. डेअरीला दूध घालायला निघालेल्या पहिल्याच माणसाने तो काढला. आक्का गोठ्यात होत्या, त्यामुळे विचारायला समोर कुणी नव्हतं. आणि असल्या गोष्टी विचारायच्या तरी कशा? मी ओल्या केसांनी बाहेर आले, तर अंगणात भावकी जमलेली. बाप्ये टोप्या काढून भिंतीकडेला बसलेले, एक जण तर हार घेऊन आलेला. दोन बायका माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडू लागल्या. मी विधवा झाल्याचं अख्ख्या गावाला कळलं होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

"लय गुनाचा गडी," ह्यांचा शाळासोबती डोळे पुसत सांगत होता, "कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. गनितात जरा कच्चा. माझं बघून लिवायचा, पर म्या कवा मास्तरास्नी सांगितलं न्हाई."

चादर हलली. "मी तुझं बघायचो? का तू माझं बघायचास रं?"

कित्येक महिन्यांत ह्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य. एक म्हातारी किंचाळली, हारवाल्याने हार पाठीमागे लपवला. हे खाटेवर ताठ बसले होते, उजव्या हाताने चादर झुगारून, रागाने लालबुंद. मी रडत होते की हसत होते ते मलाही सांगता येणार नाही. गोठ्यातून आक्का हात पुसत आल्या, सगळ्या जमावाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आलायसा तर बसा आता, च्या टाकते. मेल्यावर समदीच येत्यात. जित्त्याकडं कवा येनार?" मग काय, सगळे बसले. गणिताचा वाद ऊन डोक्यावर येईपर्यंत चालला. हे एकदाही आत गेले नाहीत.

त्या दिवसापासून खाट बाहेरच राहिली. आठवड्याने हे काठी टेकत बांधापर्यंत जाऊ लागले. मी एकदा शेंगा फोडता फोडता आक्कांना विचारलं, "तुम्हाला हे बाहेरचं वेड लागलं तरी कधी?"

त्या म्हणाल्या, "तुजं थोरलं दीर गेलं तवा मला कोपऱ्यात बशिवली. तेरा दिस रीत म्हून. पाव्हनं गेलं, समदी आपापल्या कामाला लागली, आन् मला कुनी ऊठ म्हनालंच न्हाई. मला वाटलं, कुनीतरी म्हनंल. उन्हाळा लागला तरी मी आपली तितंच. एक दिस घरात कुनी नव्हतं आन् म्हशीनं दावं तोडलं. तिच्या मागनं अनवानी पळाले. पायाला चटका बसला तवा कळलं बघ, मी अजून हाय." शेंगांची टरफलं त्यांनी पदरातून झटकली. "भावजींचं म्या दुसरं काय केलं? नुस्तं ऊठ म्हनाले."

मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी धरू दिला, ही मोठीच गोष्ट.

आता आम्ही परत सांगलीत असतो. हे सकाळी निघतात ते कृष्णेच्या घाटावर बसून, गप्पा छाटून, भूक लागली की उगवतात. कधी उशीर होतो, मी चिडते, तेही चिडतात. रविवारी आक्कांचा फोन येतो. रक्तदाब, गोळ्या, हाताची ताकद, यातलं त्या काहीही विचारत नाहीत.

"भावजी उनानं काळं पडल्यात का?"

"पडलेत, आक्का. चांगलेच रापलेत."

"मग झालं," त्या म्हणतात. त्यानंतर फोन लगेच ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.