संदेशने पुस्तक वाचलं नव्हतं

परवा पौर्णिमेच्या संध्याकाळी पक्षी बघायला म्हणून उरणजवळ खाडीचं पाणी अडवणाऱ्या एका खारबांधावर गेलो होतो... आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आधी मागचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं दर रविवारी फॅन्टसी रोलप्ले गेम खेळायचो, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. मी गेम मास्टर, म्हणजे छापील ॲडव्हेंचरचं पुस्तक फक्त माझ्याकडे... त्यातली रहस्यं बाकीच्यांनी खेळता खेळता शोधायची. खेळाडूने ते पुस्तक गुपचूप वाचणं म्हणजे आमच्यात महापाप!

त्या रविवारी नवीन पुस्तक होतं. खाडीकाठचा किल्ला, आत जायची वाट कुणालाच ठाऊक नाही. ती सापडायला तीन रविवार लागतील असं मी धरून चाललो होतो. पहिलाच परिच्छेद वाचला, आज पूर्ण चंद्र वगैरे... आणि संदेश म्हणाला, मग संध्याकाळपर्यंत थांबू, पाणी उतरलं की तटाच्या पायथ्याशी लाकडी झडप दिसेल, तिथून शिरू.

पुस्तकात अगदी तेच होतं.

माझं डोकंच फिरलं. महिनाभराची तयारी पाच मिनिटांत पाण्यात! सगळ्यांसमोर म्हणालो, कुठून तरी पीडीएफ मिळवून वाचलंस ना, चीटर कुठला. तो एवढंच म्हणाला, "न्हाय वाचला रे." मी वर हसलो... त्याने फासे खिशात टाकले आणि गेला तो गेलाच. ग्रुपही मोडला.

तर परवा. बांधावर एक काका ओहोटीची वाट बघत बसले होते. पाणी उतरलं तशी बांधाच्या पायथ्याशी एक लाकडी झडप दिसायला लागली... मी बघतच राहिलो.

विचारलं तर म्हणाले, "पुनव हाय ना आज. सांजचा पानी पार खाली जातं, तवाच ही उघाडी उघडायची." मग मला निरखून बघत, "तू त्यो गेमवाला ना? संदेश फोटो दाखवायचा तुमचा. मी त्याचा बापूस."

संदेशचं घर मिठागरवाल्यांचं, हे मला माहीत होतं हो. पण म्हणून त्याला काही जास्त कळत असेल, हे डोक्यातच आलं नाही. पुस्तकात छापलेलं फक्त पुस्तक वाचूनच कळतं असं समजणारा मी दीडशहाणा! काकांसमोर तर मान वर करवेना.

संदेश आता जहाजावर नोकरीला आहे. घरी येऊन त्याला लांबलचक माफी पाठवली. काल दिवसभर काहीच नाही... आज सकाळी एकच ओळ आली, "मग आत शिरला का कोन?"

संदेश, उत्तर दिलंस, हेच माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे रे.

नाही शिरलं कुणी त्या किल्ल्यात. तू गेलास तेव्हा मिटलेलं पुस्तक मी परत उघडलंच नाही... खेळातला तुझा माणूस अजून त्या झडपेसमोरच उभा आहे.