वरचं पाणी, खालचं पाणी

सत्तरच्या दशकातल्या एका चक्रीवादळात बेटावरच्या बों अक्योय गावातलं आमचं घर पाण्यानं भरलं. घराचा विमा होता. कंपनीचा माणूस आला आणि त्यानं विचारलं, "पाणी वरून आलं की खालून?" छपरातून आलं असेल तर भरपाई, उसाच्या शेतातून आत शिरलं असेल तर काही नाही. बाबा म्हणाले, वरून. आई म्हणाली, खालून. दोघंही खरंच बोलत होते. तो मान हलवत निघून गेला.

मग बाबांनी आपली बाजू मांडायला पोर्ट लुईसहून विम्याच्या दाव्यांचा एक जाणकार बोलावला. तो फ्रेंच बोलायचा, आई मराठी. मधे मी दुभाषी, पार गोंधळलेली.

त्यानं विचारलं, "आधी काय भिजलं?"

"देवांच्या तसबिरी," आई म्हणाली. "त्या उतरवायला धावले तेव्हा पाय कोरडे होते."

त्यानं भिंतीवरचे ओघळ पाहिले आणि कंपनीला पटवलं. छप्पर, भिंती, गाद्या यांची भरपाई मिळाली. घरातल्या जमिनीची आणि तिच्यावर ठेवलेल्या तांदळाची नाही, ते खालचं पाणी.

"अगं, पण घरात पाणी एकच होतं ना?" बाबा आईला विचारत राहिले.