कोरे तिकीट

प्रागमध्ये एकट्याने हिंडण्याचा तो माझा पहिलाच दिवस. ट्रामचे तिकीट मी मूळ दस्तऐवजासारखे, घडीही न घालता जपले होते. तपासनीस इंग्रजीत म्हणाला, “सर, यावर शिक्का नाही. चढताच त्या यंत्रात मारायचा असतो.”

“तिकीट कोरे आहे, हाच माझ्या प्रामाणिकपणाचा पुरावा!” मी कडाडलो.

“कोरे आहे म्हणजे उद्याही वापराल,” तो हसला आणि त्याने मला उतरवले.

थांब्यावरच्या बाकावर बसून मी संतापाने तक्रार-अर्ज लिहायला घेतला. परक्या शहरात माणसाची उभ्या आयुष्याची सचोटी कुणालाच वाचता येत नाही. ‘महोदय’ एवढे लिहिले आणि हात थांबला. नियम ठाऊक नव्हता ही सबब चालत नाही, हे सरकारी कचेरीतल्या माझ्या टेबलावरून मीच आजवर कितीजणांना लेखी कळवले होते.