पहिल्या फटक्याआधीची आरोळी

कुणाचं नशीब कपाळावर असतं, कुणाचं तळहातावर. भोंग्याचं गळ्यात होतं.

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बस स्थानकावर कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे पुकारायचं त्याचं काम. तिथला कर्णा सारखा बंद पडायचा. हा गडी मात्र कधी बंद पडला नाही, म्हणून भोंगा. त्याची बायको तिथेच तिकिटाच्या खिडकीत बसायची. जाळीआडून दिवसभर तिचं एकच पालुपद, "सुट्टे काढून ठेवा!" दोघांचं लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, या घराच्या दाराला घंटा लागायची नाही.

गावाबाहेरच्या टेकडीवर गोल्फचं मैदान झालं आणि तिथे सगळ्या प्रांतातल्या व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरवायचं ठरलं. पहिल्या वर्षी कसला आलाय थाट! गवत विळ्यांनी कापलेलं, खेळाडू मूठभर, आणि बघायला माणसांपेक्षा शेळ्याच जास्त. खेळाडूने पहिला फटका मारण्याआधी त्याचं नाव-गाव पुकारायची या खेळात रीत आहे. पुकारणार कोण? मंडळाचे चिटणीस तडक स्थानकावर आले आणि भोंग्याला घेऊन गेले.

धुतलेला सदरा घालून भोंगा उभा राहिला. त्याने पहिल्या खेळाडूचं नाव घेतलं, गाव घेतलं, आणि जिभेच्या सवयीने पुढचंही निघून गेलं, "...सुटत आहे!"

 असा हशा पिकला की शेळ्यासुद्धा बुजून पळाल्या. भोंग्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खेळाडूचे आवळलेले खांदे मात्र हसता हसता सैल पडले आणि चेंडू असा गेला की नजर पुरेना. दुसरा खेळाडू पुढे येऊन म्हणाला, "मामा, आता मलाही सोडा की!"

चूक होती, तिची रीत झाली. पुढे विळे गेले, यंत्रं आली. शेळ्यांच्या जागी तंबू आले, तंबूंच्या जागी मोठे मांडव. एका साली तळं आटलं, मैदान करपलं आणि स्पर्धा भरलीच नाही. तो आठवडा भोंग्याला घर खायला उठलं. नंतर परदेशी खेळाडू यायला लागले. त्यांची नावं म्हणजे जिभेला अवघड घाट. भोंगा ती घरी घोकायचा आणि भांडी घासता घासता बायको चुका काढायची.

"अहो, पुन्हा म्हणा. मधलं अक्षर गिळलंत."

"गिळलं नाही, चावलं."

"मग वर पाणी प्या."

स्थानकावरची नोकरी संपली, तरी टेकडीवरची हाक चालू राहिली. वर्षभर तो त्या एका सकाळवर जगायचा. पण यंदा हिवाळ्यात त्याच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ वाईट नव्हती. जाताना मात्र आवाज घेऊन गेली. मागे राहिली नुसती कुजबुज.

स्पर्धा जवळ आली तशी नव्या चिटणीसबाई घरी आल्या. त्या जुन्या चिटणीसांच्या लेक. संकोचून म्हणाल्या, "मामा, यंदा नावं यंत्रात भरून ठेवली आहेत. तुम्ही पहिल्या रांगेत खुर्चीवर बसा. मानाने."

भोंगा कुजबुजला, "खुर्चीवर उतारू बसतात. मला पहिली गाडी सोडू द्या. नाही जमलं तर लावा तुमचं यंत्र."

"फुटका ढोल शिवून वाजतो का कधी?" बायको आतून म्हणाली. म्हणाली खरी, पण रोज गरम पाणी तिनेच दिलं. नावं ती मोठ्याने म्हणायची आणि तो नुसते ओठ हलवायचा.

त्या सकाळी गवतावर दव होतं. भोंग्याने माईक ओठांशी धरला. खेळाडूचं अर्धं नाव आलं आणि उरलेलं घशात रुतलं. त्याने पुन्हा जोर लावला. नुसती हवा. चिटणीसबाईंचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला.

तेवढ्यात प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीमागून, खिडकीतल्या त्याच खणखणीत आवाजात, एकही अक्षर न गिळता, अख्खं नाव आलं. पाठोपाठ गाव आलं. आणि त्याच्याही पाठोपाठ, "सुट्टे काढून ठेवा!"

बायकोने तोंडावर हात मारला. मांडवच्या मांडव हसत होते. खेळाडूने गंभीर चेहऱ्याने खिशात हात घातला. चेंडू उचलला की त्या जागी खूण म्हणून ठेवायला हे लोक नाणं बाळगतात. ते उंच धरून तो म्हणाला, "आहेत, मावशी!" तरी चेंडूकडे वळेना. भोंग्याकडे बघत म्हणाला, "पण मामा, गाडी सुटली कुठे?"

भोंग्याने माईक ओठांना टेकवला.

"सुटत आहे."

ती कुजबुज सगळ्या कर्ण्यांतून निघाली आणि गवतावरून वारा सरकावा तशी टेकडीभर पसरली. मग फटक्याचा आवाज झाला, आणि चेंडू उन्हात गेला.

चिटणीसबाईंनी यंत्राची वायर काढून ठेवली. बायको दोरीखालून वाकून आत आली.

"सरका जरा," ती म्हणाली.

भोंगा सरकला. फार नाही, तिच्यापुरता.