कावळे काहून मारतात?

पस्तीस वर्षं मी कावळ्यांना घाबरत होते. चारचौघांत हे कबूल करायला लाज वाटायची, आता वाटत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

दोष एका गोष्टीचा. मी सातवीत असताना वडिलांनी विहाराच्या वाचनालयातून भाषांतरित भयकथांचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. मे महिना, बाहेर रस्ते वितळत होते, घरात कुलर घरघरत होता आणि मी त्याच्यासमोर पालथी पडून वाचत होते. कुठलंतरी परदेशातलं समुद्रकाठचं गाव. तिथं थंडी पडते आणि एके दिवशी सगळे पक्षी माणसांवर तुटून पडतात. लहान, मोठे, सगळे. एक बाप खिडक्यांना फळ्या ठोकतो, बायकापोरांना आत कोंडतो आणि पक्षी त्या फळ्या टोचत राहतात. गोष्ट संपते, पण पक्षी असं का करत होते ते काही कळत नाही. मी पान उलटून पाहिलं, पुढं दुसरीच गोष्ट सुरू झाली होती. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्रपक्षी कसा दिसतो कोण जाणे, म्हणून माझ्या मनानं तिथं बिनदिक्कत नागपूरचे कावळे बसवून टाकले.

तेव्हापासून कावळा कठड्यावर बसला की मी खोलीत. कॉलेजात मैत्रिणी हसायच्या. मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागली तर तिथं बसथांब्यावर नेमकं कावळ्यांचं झाड, म्हणून मी बारा महिने छत्री बाळगायचे. उन्हासाठी आहे असं सांगायचे. नवऱ्याला खरं माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं ते ओळखलं आणि तेव्हापासून तो खिडकीशी उभा राहून काव काव करायचा.

आता त्या उन्हाळ्याबद्दल सांगते. आमच्या सोसायटीच्या गच्चीला लागून कडुनिंब आहे. गाड्या त्याच्याच सावलीत लागतात, बायका त्याच्याच सावलीत भाजी निवडतात. सासूबाई दर उन्हाळ्यात कुहीहून येतात आणि आम्ही गच्चीवर कुरडया घालतो. गहू भिजवणं, चीक काढणं, पहाटे पातेल्यात घाटा मारणं, सगळं त्यांच्या हुकमतीखाली. मी सोऱ्या दाबते. कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून काठीला काळं कापड बांधायची पद्धत आहे. दरवर्षी सासूबाई जुन्या काळ्या परकराची चिंधी अशी गच्च बांधतात की ती महिनाभर काठीवरच राहते.

त्या वर्षी मी शहाणपणा केला. मोडलेल्या छत्रीचं काळं, चकचकीत कापड काड्यांवरून सोडवलं आणि तेच काठीला अडकवलं. कावळे चांगलेच बिचकले, दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, शत्रूला कसं धाकात ठेवायचं असतं. कापड गुळगुळीत होतं, गाठ सुटायची, वाऱ्यानं उडून जाईल म्हणून यापुढं रोज संध्याकाळी ते काढून खाली न्यायचं मी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला मी एका हातात कुरडयांची टोपली आणि दुसऱ्या हातात ते लोंबतं कापड घेऊन जिन्याकडे निघाले. डोक्यावर टप्पकन काहीतरी बसलं. वळून पाहते तो कावळा परत माझ्याच दिशेनं येतोय आणि त्याच्यामागे आणखी सात-आठ. एकानं केस ओढले, एकानं कानामागे टोचलं. मी किंचाळले, टोपली सोडली आणि कापड घट्ट धरून पळाले. का धरून ठेवलं, देव जाणे. आमच्या घरात देव नाहीत, पण त्या क्षणी मी त्यालाही हाक मारली असेल.

सासूबाईंनी माझा अवतार पाहिला. डोक्यावर तीन ओरखडे, केस उभे. त्यांनी हळद आणली आणि लावता लावता विचारलं, "कुरडया कुठी हायेत वं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी टोपलीत घालून नेलेलं कापड पुन्हा काठीला लावलं, आणि संध्याकाळी ते उतरवायला नवरा छाती काढून वर गेला. जाताना मोटारसायकलचं हेल्मेट घालून गेला, हे मात्र मी कुठंही सांगायला कमी करत नाही. पाच मिनिटांत तो कापडासकट खाली आला. "अवं, हेल्मेटवर टकटक करून राहिले थे!" त्याचा आवाज चिरकला होता. त्या दिवसापासून त्याचं काव काव बंद झालं.

बातमी जिन्यात पसरली. सोसायटीचे अध्यक्ष, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका, मुद्दाम समजवायला आले. "वहिनी, राग नका मानू. पितर नाराज असले की कावळा असा येतो. एक पान ठेवून पाहा."

माझं डोकं फिरलं. "काका, आमचे पितर कावळ्यात येत नसतात. माझ्या आजोबांनी याच शहरात दीक्षा घेतली."

"हो, पण कावळ्याले थोडीच माहीत आहे ते?" काका अगदी मनापासून म्हणाले.

मी त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर तावातावानं अर्ज लिहिला. कडुनिंबाच्या गच्चीकडच्या फांद्या घरट्यासकट छाटून टाकाव्यात, रहिवाशांच्या जिवाला धोका आहे. "जिवाला धोका" खाली दोनदा रेघ ओढली. नवऱ्यानं सही केली, आणखी चार घरांनी केली. रविवारी सकाळी फांद्या छाटणारा माणूस येणार असं ठरलं. मला काय बरं वाटलं! खिडकीला फळी ठोकल्यासारखं.

शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "इतकं काहून भेते वं तू कावयाले?" मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. बाप फळ्या ठोकतो तिथं तर माझ्याच अंगावर काटा आला. सासूबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग हातातला गहू ताटात टाकून म्हणाल्या, "मंग थ्या पाखरायनं काहून मारलं?"

"ते सांगितलंच नाही, आई."

"सांगतलं नाही?" त्यांना ते पटेचना. "असं कसं? पाखरू उगाच काहाले मारन? त्या मानसानं काईतरी केलं असन. त्याले कोनी इचारलं नाही का?"

मला कोणी थोबाडीत दिली असती तरी इतकं लागलं नसतं. आमच्या माहेरी "असंच असतं" हे उत्तर चालत नसे. आजोबांनी घरातले देव बाहेर काढले तेव्हा "असंच असतं" हेही त्यांच्याबरोबर बाहेर काढलं, असं वडील सांगायचे. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधा, हे माझ्या कानावर जेवणाआधी पडायचं. आणि मी? पस्तीस वर्षं कारण न विचारता घाबरत होते. काकांना मी मनातल्या मनात केवढी हसले होते! त्यांच्याकडे निदान कारण तरी होतं, पितरांचं का असेना. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

मी तशीच उठले आणि खाली चौकीदाराकडे गेले. तो टाकी पाहायला दिवसातून दोनदा गच्चीवर जातो. त्याला विचारलं, तुम्हाला कावळ्यांनी कधी मारलं का?

"मले? नाही, मॅडम. म्या तं त्यायच्या बाजूलेच बिडी पितो."

मग मारलं कोणाला? मला आणि नवऱ्याला. सकाळी कुरडया घालताना दोन-दोन तास गच्चीवर असायचो, तेव्हा एकदाही नाही. फक्त संध्याकाळी, उतरताना. उतरताना आमच्या दोघांच्याही हातात काय होतं? मी घरी येऊन ते कापड काढलं, मधोमध धरलं आणि आरशासमोर उभी राहिले. काळं, चकचकीत, दोन्ही बाजूंनी लोंबणारं. मान टाकलेला मेलेला कावळा. त्या दोन्ही संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरट्यासमोरून त्यांच्यातलाच एक मारून नेत होतो, आणि वर मलाच नवल वाटत होतं की हे चिडले का.

मग वर जाऊन गच्चीच्या दारातून मी कडुनिंबाकडे पाहिलं. घरटं अगदी नजरेसमोर होतं. त्यात दोन पिल्लं, लाल तोंडं उघडून बसलेली. जिवाला धोका होता तो यांच्या; माझ्या अर्जातल्या दोन रेघा त्यांच्याखालीच होत्या. मला रडू आलं, आणि मग भयंकर राग आला, स्वतःचाच.

रविवारी सात वाजता फांद्या छाटणारा कोयता आणि शिडी घेऊन हजर. काका, नवरा, सह्या करणारे सगळे गच्चीच्या दारात. मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या." पिशवीत कापड घातलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि रिकाम्या हातांनी गच्चीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. एका कावळ्यानं मला ओळखलं असावं. डोक्यावरून एक घिरटी घातली, पाहिलं, आणि जाऊन फांदीवर बसला. दारातून नवरा कुजबुजला, "ये परत." मी गेले नाही.

मग मी पिशवीतून कापड काढलं आणि मधोमध धरून खाली सोडलं.

आधी एकच ओरडला. बघता बघता चहूकडून कावळे आले, समोरच्या इमारतीवरून, टाक्यांवरून, तारांवरून. डोक्यावर नुसता कल्लोळ. दारातली मंडळी मागं सरकली, कोणीतरी दार अर्धं लोटूनही घेतलं. एकानं खांद्यावर चोच मारली. मी डोळे मिटले नाहीत. सातवीतल्या मुलीला जे पाहायचं धाडस झालं नव्हतं ते मी सगळं पाहून घेतलं. मग कापड पिशवीत कोंबलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि मोकळे हात वर केले. थोडा वेळ आरडाओरडा चालला. हळूहळू ओसरला. दोघं घरट्याकडे परतले.

मी दाराशी गेले. सांगते तुम्हाला, बारावीच्या निकालालाही मी इतकी ताठ चालले नव्हते. पिशवी काकांपुढे धरली. "घ्या काका, आता तुम्ही काढून पाहा."

"नको, नको!" काका दोन पायऱ्या खाली उतरले. मग त्यांनी कोयतेवाल्याला सांगितलं, "आज राहू दे गा. काही काम नाही." अर्ज त्यांच्याच खिशात होता. मी मागून घेतला आणि सगळ्यांदेखत फाडला. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या, कशासाठी ते त्यांतल्या निम्म्यांना तरी नक्की कळलं नव्हतं.

सोमवारी पहाटे आम्ही पुन्हा कुरडया घालायला बसलो. काठीला सासूबाईंच्या परकराची चिंधी गच्च बांधलेली. एक कावळा कठड्यावर येऊन बसला, माझ्यापासून हातभर अंतरावर. माझा हात सोऱ्यावर होता. मी उठले नाही, आत पळाले नाही, दाबत राहिले.

सासूबाईंनी एकदा कावळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुह्या थ्या गोष्टीतला मानूस भेटला ना," त्या कुरडईचं टोक बोटानं तोडत म्हणाल्या, "तं त्याले सांगजो. फया मंग ठोक म्हना, आंधी हातातलं खाली ठेव."

मी इतक्या जोरात हसले की कावळाच घाबरून उडाला.