परत न करायचा डबा

सकाळी चहा पिताना जपानमधल्या चमत्कारिक बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायची मला सवय आहे. अमेरिकेतलं आमचं नोव्हाय हे गाव मोटारगाड्यांच्या धंद्यावर जगतं. जपानी कंपन्यांची माणसं काही वर्षांसाठी येतात, जातात. मी सुट्या भागांची गुणवत्ता तपासतो, त्यामुळे त्यांच्या बातम्यांवर आपला थोडा हक्क आहे असं मला वाटत आलं आहे. आगगाडी काही सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वेनं माफी मागितल्याची बातमी मी ऑफिसात कितीदा सांगितली असेल. मागच्या वर्षी त्याहून चांगली सापडली. तिथे म्हणे पैसे घेऊन तुमच्या वतीनं राजीनामा देणाऱ्या एजन्सी आहेत. साहेबाला ‘मी जातो’ म्हणायचा धीर होत नाही, मग एजन्सीचा माणूस फोन करून सांगतो.

“बघ, राजीनामासुद्धा दुसऱ्यानं द्यायचा!” मी म्हणालो.

“तुला जमेल का तोंडावर सांगायला?” बायकोनं विचारलं.

“न जमायला काय झालं? सरळ सांगेन.”

त्या वेळी ओट्यावर शेजारच्यांकडून आलेला डबा होता.

शेजारी म्हणजे एक जपानी जोडपं, आमच्याच वयाचं. राहायला आले त्याच दिवशी दोघं दारात आले, कागदात गुंडाळलेला एक टॉवेल हातात दिला आणि पुढे आमच्यामुळे त्रास होईल त्याबद्दल क्षमस्व, असं सांगून वाकले. आत्तापर्यंत त्यांचा त्रास असा काही झालेला नाही. टॉवेल मात्र अजून टिकून आहे.

बायकोनं दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून चकल्या पाठवल्या. डबा परत आला तो घासूनपुसून, लख्ख, आणि आत तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे. सारण लाल कडधान्याचं, पुरणाच्या नात्यातलं. आता आमच्याकडे त्या बाईंचं देणं राहिलं म्हणून बायको अळूवडी घेऊन गेली. त्या मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. तिनं गुळपोळ्या दिल्या. भांडं रिकामं पाठवायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, हे आमच्या दोघांच्याही आयांनी बजावलेलं. आणि मिळालेल्याची परतफेड केल्याशिवाय झोप लागू द्यायची नाही, हे त्यांच्या आईनं बजावलेलं असणार.

मी यावर थोडं वाचलं. जपानी रिवाजात भेटीच्या साधारण निम्म्या किमतीची परतभेट चालते म्हणे. म्हणजे अर्धं, अर्ध्याचं अर्धं, असं करत काही फेऱ्यांत हिशेब शून्याशी यायला हवा. पण आमचा नियम डबा गच्च भरण्याचा. ही मालिका कधीच संपणार नाही, हे मी बायकोला गणितानं पटवून दिलं.

“संपायला कशाला हवीय?” ती म्हणाली.

ते मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. कारण त्या शरद ऋतूत तिचा खांदा आखडला होता. दिवसभर कॉम्प्युटरवर काम, संध्याकाळी त्याच खांद्यानं पुऱ्या लाटायच्या, का, तर ओट्यावर शेजारचा डबा. मला ते बघवेना. शिवाय माझी साखर वाढलेली, आणि ते गोळे मला सोडवत नसत. दोन्ही कारणं खरी होती. त्यांतलं पहिलंच मी स्वतःला सांगत होतो.

दिवाळीला मी घाऊक दुकानातून फेकून द्यायचे प्लास्टिकचे डबे आणले. एकात फराळ भरला आणि बायकोला न विचारता स्वतःच नेऊन दिला.

“नो नीड टू रिटर्न,” मी म्हणालो. “बॉक्स, जस्ट थ्रो.”

बाईंनी डब्याकडे पाहिलं. “रिटर्न, नो?”

“नो, नो.”

“आय अंडरस्टँड,” त्या म्हणाल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिल्या. मी हलका होऊन घरी आलो. बायकोला सांगितलं, “त्या म्हणाल्या, आता परतफेड नको. तुझ्या खांद्याला विश्रांती.” हे त्या म्हणाल्या नव्हत्या.

हिवाळाभर कुणी आलं नाही. बर्फात त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत पाऊलवाट पडत असे, ती यंदा पडली नाही. बायको एकदोनदा म्हणाली, “बाईंचं काही बिनसलंय का?” मी म्हणालो, “थंडी आहे.” लेक कॉलेजातून घरी आली तेव्हा तिनंही विचारलं, “व्हेअर इज जपानी काकू?” मी तिलाही थंडीच सांगितली.

मार्चमध्ये त्यांचे यजमान गाडीवरचा बर्फ खरवडताना भेटले. बदली झाली होती, महिनाअखेर परत जाणार होते. मग हातातली खरवडणी बाजूला ठेवून ते म्हणाले, “माय व्हाइफ इज सॉरी. फॉर लाँग टाइम, टू मच ट्रबल टु यू.” त्यांच्याकडूनच कळलं, बाईंना हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. दिवसभर घरात एकट्या. आमचं स्वयंपाकघर हेच त्यांचं अमेरिकेत जाण्यासारखं ठिकाण होतं. आपण फार येत होतो, शेजाऱ्यांनी सभ्यपणे थांबायला सांगितलं, असं त्यांनी धरलं होतं. आणि तेच मनात घेऊन त्या परत निघाल्या होत्या.

मी घरात येऊन बायकोला सगळं सांगितलं.

“म्हणजे राजीनामा दिलास तू,” ती म्हणाली. “आणि तोही माझ्या नावानं. वर जपान्यांना हसतोस!”

“तुझ्या खांद्यासाठी गं—”

“खांद्याला मध्ये आणू नकोस. खांदा माझा आहे, त्यानं तुझ्याकडे तक्रार केली नव्हती.”

“मी जाऊन माफी मागतो.”

“माफी मागितलीस तर त्या तुझ्याहून खाली वाकतील. मग तू किती वाकणार?” तिनं स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. रिकामा. “हा ने. आणि माग.”

“काय मागू?”

“ते मुळ्याचं लोणचं. सांग, मला हवंय. खोटं नाहीये ते.”

रिकामा डबा घेऊन कुणाच्या दारात जायची ही माझी पहिलीच वेळ. सामान अर्धं बांधून झालं होतं, खोकी भिंतीपर्यंत रचलेली. मी डबा पुढे केला आणि म्हणालो, “माय व्हाइफ वाँट्स युअर रॅडिश. प्लीज.” पुढचं वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं, तरी अडखळलो. “प्लास्टिक बॉक्स वॉज माय आयडिया. ओन्ली माय. शी डिड नॉट नो.”

बाईंनी झाकण उघडून आत पाहिलं. रिकामा आहे याची जणू खात्री केली.

“रिटर्न?” त्यांनी विचारलं.

“रिटर्न,” मी म्हणालो. “यू कम. प्लीज.”

संध्याकाळी त्या आल्या. मुळा कुठून मिळवला, कोण जाणे. ओट्याशी बसल्या, बायकोनं चहा केला, आणि दोघी खांद्याच्या व्यायामाबद्दल हातवारे करून बोलत राहिल्या. मी पलीकडच्या खोलीत बातम्या वाचत होतो, मनातल्या मनात. एक अख्खा हिवाळा त्या अशाच बसू शकल्या असत्या.

निघायच्या दिवशी बायकोनं तो डबा चकल्यांनी गच्च भरून त्यांच्या हातात दिला. आता तो जपानमध्ये आहे. परत येईल तेव्हा रिकामा नसेल, हे नक्की. त्याचा टपालखर्च डब्याच्या किमतीहून जास्त होईल आणि तो त्यांना पडेल, हेही मला दिसतं. बायकोला मी ते सांगितलेलं नाही.